तेराव्या वर्षी फॅटी लिव्हर: खानापूर तालुक्यातल्या एका आईला उत्तर

पत्र थोडं आटोपशीर करून देते.

“नमस्कार डॉक्टर. आम्ही खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. घराला लागूनच आमचं किराणा दुकान आहे. मोठा मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. दोन महिन्यांमागं त्याच्या पोटात उजवीकडं दुखायला लागलं म्हणून बेळगावला सोनोग्राफी केली. अपेंडिक्स नव्हतं, पण फॅटी लिव्हर ग्रेड २ निघालं. रक्तात एसजीपीटी ८६. वजन ६४ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा, बाकी काही सांगितलं नाही. शाळेतून आला की तो दुकानात गल्ल्यावर बसतो आणि फ्रीजमधली एखादी बाटली, एखादं पाकीट फोडतो. मानेवर काळं पडलंय, सासूबाई डाळीचं पीठ लावून घासतात तरी जात नाही. त्या म्हणतात, पोर अंगानं भरलंय, वयात आलं की उतरेल. दीर म्हणतात, लिव्हरचं सिरप सुरू करा. शेजारची बाई विचारते, पोरगं दारू पितं की काय? आमच्याकडं तेलकट फारसं होत नाही, मटण रविवारीच. मग चरबी आली कुठून? मिस्टरांना दोन वर्षांपासून शुगर आहे. धाकटी मुलगी आठ वर्षांची, अगदी बारीक, तिच्यासाठी बिस्किटं आणि दुधातली पावडर घरात लागतेच. मुलाचं रात्रीचं जेवण बंद केलं तर चालेल का? पुढच्या महिन्यात माझ्या भावाचं लग्न आहे. ते उरकलं की पुढच्या तपासण्या करू म्हणतो.”

ताई,

शेजारणीपासून सुरुवात करते, कारण तिचं बोलणं तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेलं दिसतंय. दारूचा इथं काडीचा संबंध नाही. दारूनं लिव्हरमध्ये चरबी साठते हे खरं, पण दारूचा वासही न घेतलेल्या मुलांच्या लिव्हरमध्येही ती साठते, आणि अशी मुलं थोडीथोडकी नाहीत. अमेरिकेत सॅन डिएगो इथं वेगवेगळ्या कारणांनी मृत्यू पावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनांचा एक अभ्यास २००६ मध्ये छापून आला. त्यातल्या लठ्ठ मुलांपैकी ३८ टक्क्यांच्या लिव्हरमध्ये चरबी होती. आपल्या देशातले अभ्यास एकत्र मांडून २०२२ मध्ये हिशेब केला गेला, तेव्हा तपासलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांत ती आढळली. त्यात दवाखान्यात आलेली वजनदार मुलं पुष्कळ होती, त्यामुळं गावातल्या प्रत्येक तिसऱ्या पोराला हा आजार आहे असा अर्थ काढू नका. पण तुमचा मुलगा जगावेगळा नाही, एवढं शेजारणीला सांगायला हरकत नाही. सांगितलंच पाहिजे असंही नाही म्हणा.

आता तो ८६ चा आकडा. एसजीपीटी म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक. रिपोर्टवर त्याच्याशेजारी बहुतेक ‘४० ते ४५ पर्यंत नॉर्मल’ असं छापलेलं असेल. ते वाचून ‘दुप्पट आहे, बघू पुढं’ असं वाटणं साहजिक आहे. पण ती हद्द प्रयोगशाळेनं मोठ्या माणसांसकट सगळ्यांसाठी ठरवलेली असते. निरोगी मुलांत एसजीपीटीची वरची पातळी मुलग्यांसाठी २६ आणि मुलींसाठी २२ च्या आसपास धरतात. त्या हिशेबानं तुमच्या मुलाचा आकडा तिपटीच्या वर गेला. मुलांच्या पोटविकारांचे डॉक्टर ८० ही खूण मानतात. त्याच्याखाली आकडा असेल तर खाणंपिणं सुधारून तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघता येतं. ८० च्या वर गेला की कारण शोधायच्या तपासण्या लांबवायच्या नसतात. तुमच्या रिपोर्टला दोन महिने होऊन गेलेत.

ग्रेड २ चं मात्र फार मनावर घेऊ नका. लिव्हर सोनोग्राफीत किती पांढरं दिसतं त्यावरून तो ग्रेड दिलेला असतो. लिव्हरला सूज आहे का, ते कडक व्हायला लागलंय का, हे सोनोग्राफीवरून कळत नाही. चरबी थोडी असेल तर ती सोनोग्राफीत दिसतही नाही, म्हणून ‘ग्रेड १ आहे, काही नाही हो’ असं म्हणून घरी पाठवलेल्या मुलांचीही मला काळजी वाटते. लिव्हरचा कडकपणा मोजायला फायब्रोस्कॅन नावाची तपासणी असते. दुखत नाही, सुई नाही. ती लागेल की नाही, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. पोटात दुखलं ते लिव्हरमुळंच, असंही ठामपणे म्हणता येत नाही. बहुतेक मुलांना फॅटी लिव्हरचा काहीच त्रास जाणवत नाही, दुसऱ्याच कशासाठी तपासणी होते आणि हे हाती लागतं.

‘वजन कमी करा’ एवढंच सांगून मुलाला परत पाठवलं, हे मला पटलेलं नाही. मूल जाड आहे आणि एसजीपीटी वाढलंय म्हणजे फॅटी लिव्हरच, असं धरून चालायचं नसतं. आधी बाकीची कारणं खोडून काढावी लागतात. हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइड, गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलिअॅक आजार, शरीरानं स्वतःच्याच लिव्हरवर हल्ला करायचा ऑटोइम्यून हिपॅटायटिस, आणि विल्सनचा आजार. फिट्सच्या काही गोळ्या किंवा दम्यासाठी वरचेवर दिलेली स्टिरॉइड चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

यातल्या विल्सनवर जरा थांबते. या आजारात शरीराला तांबं बाहेर टाकता येत नाही. ते लिव्हरमध्ये साचतं आणि पुढं मेंदूत जातं. सोनोग्राफीत हे लिव्हर अगदी फॅटी लिव्हरसारखंच दिसू शकतं. आईवडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच मुलाला हा आजार होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. आपल्या भागात मामाची मुलगी करायची रीत आहे, काही घरांत मामा-भाचीचीही लग्नं होतात. तुमचं लग्न नात्यात झालेलं असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपण होऊन सांगा, यात लपवण्यासारखं काही नाही. सेरुलोप्लाझमिन नावाची रक्ततपासणी आणि डोळ्यांची तपासणी, यांपासून शोध सुरू होतो. वेळेत सापडला तर विल्सन औषधांनी आटोक्यात राहतो, औषधं मात्र जन्मभर घ्यावी लागतात. आणि ‘जाडेपणामुळंच असेल’ म्हणून सुटला, तर नंतर पोराचे हात थरथरायला लागतात, अक्षर बिघडतं, तेव्हा सगळे हळहळतात. तुमच्या मुलाला विल्सन असेल असं मला अजिबात म्हणायचं नाही. मान काळी, वडिलांना शुगर, वजन जास्त, हे सगळं साध्या फॅटी लिव्हरकडंच बोट दाखवतंय. पण एका रक्ततपासणीनं ही शंका मिटते, मग ती ठेवायची कशाला?

मानेचा विषय निघालाच आहे, तर सासूबाईंना आजपासून डाळीचं पीठ थांबवायला सांगा. तो मळ नव्हे. मानेवर, काखेत, कधी बोटांच्या सांध्यांवर कातडी अशी काळपट, जाडसर, मखमलीसारखी होते, तेव्हा शरीरात इन्सुलिन भरपूर तयार होतंय पण ते नीट लागू पडत नाहीये असं समजायचं. वडिलांची शुगर आणि मुलाची मान या एकाच घराण्यातल्या गोष्टी आहेत. घासून कातडी सोलवटेल, पोराला चारचौघांत लाज वाटेल, आणि काळं तसंच राहील. आतलं इन्सुलिन ताळ्यावर आलं की मान आपोआप उजळायला लागते. कितीतरी आयांना वजनकाट्याच्या आधी तो फरक दिसतो.

आता तुमचा खरा प्रश्न. तेलकट नाही, मटण रविवारीच, मग चरबी आली कुठून?

साखरेतून, ताई. लिव्हरमधली चरबी तोंडातून गेलेल्या तेला-तुपाचीच असते असं आपण समजतो, पण लिव्हर स्वतः चरबी तयार करतं, आणि त्यासाठी त्याचा आवडता कच्चा माल म्हणजे साखर. आपली चहातली साखर अर्धी ग्लुकोज आणि अर्धी फ्रुक्टोज असते. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं. फ्रुक्टोजचा बराचसा भार एकट्या लिव्हरवर पडतो, आणि ते एकदम, पातळ रूपात, घटाघटा आलं की लिव्हर त्याची चरबी करून ठेवून देतं. तुमचे मिस्टर दुकानदार आहेत, त्यांना हे पटकन कळेल: रोज उठाव होतो त्याहून जास्त माल उतरत राहिला, तर तो गोदामातच रचला जाणार.

पत्रावरून मी त्याच्या दिवसाचा अंदाज बांधला, चुकला तर दुरुस्त करा. सकाळी पावडर घातलेलं दूध, वर दोन चमचे साखर: दहा ग्रॅम, आणि पावडरीत आधीच असते ती वेगळी. संध्याकाळचा चहा दोन चमच्यांचा: आणखी दहा. फ्रीजमधली २५० मिलिलीटरची बाटली: पंचवीस ग्रॅमच्या आसपास, आंब्याचं चित्र असलेली असेल तर त्याहून जास्तच. पंचेचाळीसवर गेलो आणि बिस्किटं अजून मोजलेलीच नाहीत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांखाली असावी, पाच टक्क्यांखाली राहिली तर आणखी चांगलं. या वयाच्या मुलाला दिवसाला दोन हजार कॅलरी धरल्या तर ती पन्नास ग्रॅम आणि पंचवीस ग्रॅम झाली. म्हणजे एका बाटलीत त्याचा चांगला कोटा संपतो.

गूळ घातला तर चालेल का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. आपण ऊसपट्ट्यातली माणसं, गूळ-काकवीला आपण औषध मानतो. लिव्हरच्या दृष्टीनं गूळ, काकवी, मध आणि साखर हे सगळे एकाच माळेचे मणी. उसाचा रसही त्यातच, एका ग्लासात पाच-सहा चमचे साखर सहज असते. अख्खं फळ मात्र खाऊ द्या. पेरू, केळं, संत्रं, हंगामात दोन आंब्याच्या फोडी, काही बिघडत नाही. फळ चावायला वेळ लागतो, पोट भरतं, त्यात चोथा असतो. त्याचाच रस काढला की गणित बदलतं.

आणि हो, आपल्याकडच्या मिठायांना, कुंद्याला आणि करदंटाला, मी शत्रू ठरवणार नाही. बेळगावात राहून कुंदा सोडा म्हणणारा डॉक्टर कोण ऐकणार! महिन्यातून एकदा पाहुण्यांनी आणलेल्या कुंद्यानं हे लिव्हर असं झालेलं नाही. रोज संध्याकाळी नकळत फुटणाऱ्या बाटलीनं झालंय.

म्हणून आता दुकानाकडं येते. तुम्ही विचारलंय, त्याचं रात्रीचं जेवण बंद करू का. नको. दुपारी चारला शाळेतून आलेलं पोर रात्री उपाशी झोपलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट पाकिटं फोडेल, तीही लपून. मला त्याच्या ताटापेक्षा गल्ल्याशेजारच्या फ्रीजची जास्त चिंता आहे. एका अभ्यासाबद्दल सांगते. २०१९ मध्ये अमेरिकेत ११ ते १६ वर्षांच्या, फॅटी लिव्हर असलेल्या चाळीस मुलग्यांवर तो झाला. निम्म्या मुलांना आठ आठवडे जवळजवळ बिनसाखरेचा आहार दिला, बाकीच्यांनी नेहमीचंच खाल्लं. बिनसाखरेच्या गटात लिव्हरमधली चरबी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. दुसऱ्या गटात ती २१ वरून २० झाली, म्हणजे जवळजवळ होती तशीच. पण मला त्यातला आकड्यांपेक्षा दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. संशोधकांनी आहार त्या मुलापुरता दिला नाही, त्याच्या अख्ख्या घराला दिला. एकट्या मुलानं पथ्य पाळावं आणि बाकीच्यांनी त्याच्यासमोर बाटली फोडावी, हे जमणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

तुमचं दुकान बंद करा असं मी म्हणत नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण दोन गोष्टी मिस्टरांच्या हातात आहेत. एक, गिऱ्हाइकाचा माल आणि घरचं खाणं यांच्यात रेघ ओढायची: फ्रीजमधलं थंड आणि पाकिटं घरातल्या कुणी फोडायची नाहीत, मिस्टरांनीही नाही, दिरांनीही नाही. मिस्टरांना शुगर आहे, त्यामुळं ही रेघ त्यांच्याही पथ्यावर पडेल. दोन, गल्ल्यावर बसणाऱ्या पोराला भूक लागणारच, तर त्या वेळेचं खाणं तुम्ही आधीच काढून ठेवा. दुकानातलंच चालेल: फुटाणे, शेंगदाणे, चिरमुऱ्यांत कांदा-कोथिंबीर-टोमॅटो घालून मूठभर. एखादं उकडलेलं अंडं, एखादं केळं, ताक. डबा झाकणाचा घ्या आणि गल्ल्याखाली ठेवा, म्हणजे हात फ्रीजकडं जाण्याआधी डब्याकडं जाईल. चहा हवाच असेल तर एका चमच्यावर आणा, आठवड्यानं अर्ध्यावर. जीभ सवयीची गुलाम आहे, हळूहळू उतरवलं की कुरकुर कमी होते.

बेकरीवर माझा जुना राग आहे, तो इथं काढून घेते. चहाबरोबर खारी, टोस्ट, बटर: बेळगावपासून निपाणीपर्यंत कुठल्याही घरात जा, पाहुणा आला की हे पुढं येतं. मैदा, वनस्पती तूप, वरून चहातली साखर. त्यानं भूक मरते पण पोट भरत नाही, आणि तासाभरानं पोरगं पुन्हा ‘आई, काय आहे?’ म्हणत येतं.

जेवणाचं म्हणाल तर खानापूर म्हणजे भाताचा मुलूख. भात सोडायला सांगणार नाही, ताटात त्याची जागा बदला. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव भाग उसळ, डाळ, अंडं किंवा मासळी, आणि उरलेल्या पाव भागात भात किंवा भाकरी, दोन्हींचा ढीग नको. नाचणीची भाकरी, ज्वारीची भाकरी उत्तम. तूप चमचाभर राहू दे, सासूबाईंशी त्यावरून भांडण नको. लढाया मोजक्याच लढायच्या असतात.

वजन किती उतरवायचं? कदाचित आत्ता काहीच नाही. तेरा वर्षांच्या मुलाच्या उंचीची वाढ अजून बाकी आहे. त्याचं वजन वर्षभर ६४ वरच थांबलं आणि उंची १५२ ची १५९ झाली, तर वजन-उंचीचा निर्देशांक २७.७ वरून २५.३ वर येतो. एक किलोही न उतरता त्याच्यात फरक पडेल. डॉक्टरांना जास्त उतार हवा असेल तर तो त्यांच्या देखरेखीखाली, सावकाश. उपास, नुसत्या काकडीवर राहणं, मोबाइलवर बघितलेली सात दिवसांची डाएट, या वाढत्या वयात हाडांच्या आणि स्नायूंच्या मुळावर येतात. घरी मापायचंच असेल तर कंबर मापा, बेंबीच्या पातळीवर, महिन्यातून एकदा. ती उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी, म्हणजे तुमच्या मुलासाठी ७६ सेंटिमीटरच्या आत. रोज सकाळी काट्यावर उभं करून सगळ्यांसमोर आकडा वाचणं बंद.

हालचालीचं सोपं सांगते. दिवसाला एक तास अंग हलायला हवं, घाम येईल इतकं. व्यायामानं वजन तसंच राहिलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते, म्हणून काटा हलला नाही तर व्यायाम सोडायचा नाही. शाळेत कबड्डी, खो-खोचा संघ असेल तर उत्तम. गावात तालीम असेल तर तिथं जाऊ दे, पण वस्तादांना आधीच सांगून ठेवा की खुराक नको. साखर घातलेली बदामाची थंडाई शेकडो जोर-बैठका काढणाऱ्या पैलवानासाठी असते, नव्यानं लंगोट बांधलेल्या पोरासाठी नाही. पावडरीचे डबेही नकोत. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं पाऊस दार उघडू देत नाही, तेव्हा पडवीत दोरीवरच्या उड्या, जिन्यावर चढ-उतार. सायकल असेल तर दुकानाच्या जवळपासच्या सामानाच्या फेऱ्या त्याच्याकडं द्या, गल्ला मिस्टरांनी सांभाळावा. गल्ल्यावर बसणं म्हणजे बसणंच. आणि रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत, या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. तो फार घोरत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, तर डॉक्टरांना सांगा.

दीर म्हणतात ते सिरप सुरू करू नका. मुलांच्या फॅटी लिव्हरसाठी मान्यता मिळालेलं एकही औषध आज नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत आठ ते सतरा वर्षांच्या मुलांना जवळजवळ दोन वर्षं व्हिटॅमिन ई किंवा मेटफॉर्मिन हे शुगरचं औषध दिलं. एसजीपीटी उतरवून ते खाली टिकवण्यात दोन्हीही साध्या खोट्या गोळीहून सरस ठरली नाहीत. मोठ्या माणसांसाठी अलीकडं अमेरिकेत काही औषधं मंजूर झालीत, ती तेराव्या वर्षासाठी नाहीत. टीव्हीवर दिसणारी लिव्हरची टॉनिकं चरबी उतरवत नाहीत, गोड सिरपात उलट साखरच जाते. झाडपाल्याचं तर अजिबात सुरू करू नका. काविळीवर पाला देणारे आपल्याकडं गावोगाव आहेत, पण ही कावीळ नाही. आणि ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हेही खरं नाही: कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले तेव्हा त्यातल्या काहींना लिव्हरला इजा होऊन दवाखान्यात यावं लागलं, मुंबईच्या डॉक्टरांनी त्याची नोंद केली आहे.

धाकटीबद्दल. बारीक मुलीला बिस्किटांनी अंग धरत नाही, तिची फक्त जेवणाची भूक जाते. तिला अंडी, शेंगदाण्याची चटणी, दूध (पावडरीशिवाय), उसळ, भाकरीवर तूप द्या. या पावडरींना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून ऑनलाइन विकू नका, असं केंद्र सरकारनं २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं ते उगाच नाही, डब्यामागचा साखरेचा आकडा एकदा वाचा. तिची उंची-वजन नोंदवून तिलाही एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि भावाला विल्सन निघालाच, तर तिची तपासणी सक्तीची होते, ती बारीक असो की जाड.

सासूबाईंचं ‘वयात आलं की उतरेल’ मी खोडून काढणार नाही, पण त्यावर विसंबून राहू नका. बहुतेक वजनदार मुलं वजनदार मोठी माणसं होतात. फॅटी लिव्हर असलेल्या काही मुलांच्या लिव्हरला सूज येते, काहींचं हळूहळू कडक होतं, आणि थोड्यांचं तरुणपणीच कायमचं खराब होतं. त्याआधीच शुगर आणि रक्तदाब गाठतात. चांगली बातमी अशी की या वयातलं लिव्हर मागं फिरतं. चरबी उतरते, एसजीपीटी खाली येतं, हे मी पुष्कळ मुलांत बघितलंय. सासूबाईंना एकच काम द्या: नातवाला ‘गुटगुटीत’ म्हणू नका आणि कुणी ‘जाड्या’ म्हटलं तर खपवून घेऊ नका. दोन्ही शब्द ऐकून तो दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन खातो, असं माझं मत आहे. लपून खाणारी मुलं मी फार बघितलीत, ती हट्टी नसतात, लाजलेली असतात.

राहिलं लग्न. भावाच्या लग्नात त्याला पंगतीत बसू द्या, बुंदी-जिलेबी एकदाच वाढून घेऊ दे, थंडच्या बाटल्या वाटल्या जातात तिथं पाणी किंवा ताक. मामाच्या वरातीत नाचू दे हवं तितकं.

तपासण्या मात्र लग्नाच्या आधी. येत्या सोमवारी सकाळी त्याला उपाशीपोटी बेळगावला घेऊन या, बिम्सच्या सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या ओपीडीत नेलंत तरी चालेल. सोनोग्राफीचा कागद आणि जुने रक्ताचे रिपोर्ट एका पिशवीत घ्या, चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटंही, दिरांनी सिरप आणलेलं असेल तर तेही. उपाशीपोटीची शुगर, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर), कोलेस्टेरॉल, लिव्हरच्या सगळ्या चाचण्या, हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइड आणि सेरुलोप्लाझमिन, ही नावं एका चिठ्ठीवर लिहून न्या आणि ‘यातल्या कुठल्या करायच्या?’ असं सरळ विचारा. रक्तदाब मोजायला सांगा, मुलांचा तो मोजायचा बऱ्याचदा राहून जातो. रक्त दिलं की त्याला लगेच खायला घाला, इडली, उपीट, काहीही. तोवर डोळे पिवळे दिसले, पोट फुगलं, उलटीत रक्त आलं, शौचाला काळं झालं किंवा तो गुंगीत गेल्यासारखा वाटला, तर सोमवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी निघायचं.